मधलं बोलणं

१९९७ साली मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि टेप कापण्यात आमच्या रेडिओ केंद्रात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकी त्याच वर्षी संपली.

तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. बोलणं टेपच्या रिळावर, म्हणजे स्पूलवर असायचं. स्पूल हातानं पुढे-मागे फिरवून खोकला नेमका कुठे सुरू होतो ते कानानं पकडायचं, पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरका काप घ्यायचा. खोकल्याचा तुकडा पायाशी टोपलीत. उरलेली दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची, अशी की ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. खोकला, खुर्चीची करकर, कागदाची सळसळ, ‘अं… म्हणजे… काय आहे की’, सगळं टोपलीत. एकदा एका मंत्र्यांचं भाषण मी इतकं साफ केलं की ते म्हणाले, “अरे, मी इतका मुद्देसूद बोलतो हे मला माहीतच नव्हतं.” आमचे केंद्रप्रमुख नंतर म्हणाले, “बाई, मंत्र्यांचा निम्मा मेंदू तुमच्या टोपलीत आहे. जपून फेका.”

घरी आम्ही तिघी होतो. मी, माझी थोरली बहीण आणि तिची मुलगी. ताईचे यजमान लवकर गेले, मी लग्न केलं नाही, म्हणून एकत्र राहिलो. मुलीला आम्ही टिटवी म्हणायचो. जन्मली तेव्हा इतकी जोरात रडली की नर्स म्हणाली, “ही काय बाई, टिटवी आहे का?” ताईला ते नाव आवडलं नव्हतं, टिटवी ओरडली की काही बरं होत नाही म्हणून. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

टिटवी तेवीस वर्षांची होती. दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि संध्याकाळी एका बँडमध्ये गायची. गायची म्हणजे पोटातून असा आवाज काढायची की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बाथरूमच्या दारावर धक्के मारले होते. दार उघडून ती तोंडात ब्रश धरून म्हणाली, “रियाज करतेय, मावशी. तू काय आग विझवायला आलीस?”

त्याला मेटल म्हणतात. बँड चौघांचा. गिटारवर लांब्या. सहा फूट दोन इंच, दिवसभर टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा, त्याची नखं कायम काळी. ताईला तो आवडायचा नाही आणि तो ताईला इतका घाबरायचा की जिन्यातच चपला काढून, पायरीवर बसून टिटवीची वाट बघायचा.

त्या वर्षी थंडी सरताना टिटवीच्या आवाजात खरखर आली. आधी सगळे म्हणालो, ओरडून बसला असेल. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, मोठे डॉक्टर झाले. स्वरयंत्रात गाठ होती आणि ती साधी नव्हती. अख्खं स्वरयंत्र काढावं लागणार होतं. डॉक्टरांनी ताईला दहा वेळा सांगितलं की गाण्यानं हे होत नाही, कुणालाही होऊ शकतं. ताईनं दहाही वेळा मान हलवली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, “लेकीचा गळा त्या बँडनं खाल्ला.”

ऑपरेशन मंगळवारी ठरलं. त्यानंतर बोलणं बंद. नळीनं श्वास, वहीवर लिहिणं, पुढे जमलं तर एखादं यंत्र गळ्याला लावून यांत्रिक आवाजात चार शब्द. आणि त्याच्या आदल्या शनिवारी तिच्या बँडचा कार्यक्रम होता.

“डॉक्टरांनी बोलायलाही कमी कर म्हटलंय,” ताई म्हणाली.

“आई, जे मंगळवारी जायचंच आहे, ते सोमवारपर्यंत जपून काय करू? लोणचं घालू?”

“जीभ बघा हिची.”

“जीभ राहणार आहे. ती काढत नाहीत.”

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. जाताना म्हणाली, “मी नाही यायची. ज्यानं तुझा गळा खाल्ला ते ऐकायला मी येऊ?”

टिटवी माझ्याकडे वळली. “मावशी, तू येशील ना? तुझं मशीन घेऊन?”

इतकी वर्षं मी गावभरच्या लोकांचे आवाज टेपवर घेतले, आणि माझ्या घरातल्या माणसाचा एक शब्द घेतला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी लगेच हो म्हटलं. केंद्रातलं उचलून न्यायचं मशीन आणि दोन स्पूल मी शुक्रवारी संध्याकाळी पिशवीत घातले. सोमवारी सकाळी साठ्याची मोजणी असायची, तोवर परत ठेवायचे होते.

कार्यक्रम एका बंद पडलेल्या लॉंड्रीत होता. भिंतींना पांढऱ्या फरश्या, जमिनीला पाणी जायचा उतार, छतावर कपडे टांगायचे आकडे तसेच. पोरांनी भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठे लावले होते, आवाज घुमू नये म्हणून. हॉलवाला स्वतः दारात बसून हातावर शिक्के मारत होता. माझ्या हातावर मारताना म्हणाला, “कुणाच्या आई का?”

“मावशी. टिटवीची.”

तो उठून उभा राहिला. “या, या. तुम्हाला खुर्ची देतो. सगळ्या हॉलमध्ये एकच आहे.”

मी दोन माइक त्या आकड्यांना टांगले, एक वायर मिक्सरमधून घेतली आणि कानांवर हेडफोन चढवला. समोर दीड-दोनशे पोरं. काळे कपडे, कानांत चार-चार रिंगा. चेहऱ्यावरून वाटलं आता मला लुटतील. त्यातल्या एकानं येऊन विचारलं, “मावशी, पाणी आणू का?”

पहिला बँड पंक होता. चार पोरं, कुठलंच गाणं दीड मिनिटाच्या वर नाही. मी टिटवीला विचारलं, “हे इतक्यात संपलं?”

“एवढीच चीड होती. संपली.”

दुसरा बँड आला. त्यांना इमो म्हणतात. गाणारा मुलगा डोळे मिटून, माइकची वायर मनगटाला गुंडाळून कळवळून गात होता, आणि समोरची पोरं प्रत्येक शब्द त्याच्याबरोबर म्हणत होती. “इमो म्हणजे काय गं?” “म्हणजे मोठ्यानं रडायचं, पण तालात.” मी हसले. पण तिसऱ्या गाण्याला, घर सोडून गेलेल्या भावाबद्दल होतं ते, माझाच चष्मा ओला झाला.

मग ही चौघं. लांब्याचं डोकं वरच्या आकड्याला लागत होतं, म्हणून तो वाकून उभा. टिटवी काळ्या बनियनमध्ये, गळ्याला रुमाल. तिच्या डाव्या मनगटावर निळ्या पेननं ओळीनं काहीतरी लिहिलेलं. गाण्यांचा क्रम असेल, असं मला वाटलं. मी बटण दाबलं.

पहिलं गाणं सुरू झालं तसा मशीनचा काटा उजवीकडे गेला आणि तिथेच त्यानं मुक्काम ठोकला. मी पटकन पातळी खाली घेतली. एवढीशी पोर, पण हॉलच्या फरश्या थरथरत होत्या. पुढची पोरं एकमेकांवर आदळत होती, आणि कुणी खाली पडलं की चार हात लगेच खाली जाऊन त्याला उचलत होते. मला ताईची आठवण झाली. तिनं हे बघायला हवं होतं.

गाणं संपलं. टिटवीनं मनगटाकडे पाहिलं, माइक तोंडाशी धरला आणि अगदी साध्या, घरातल्या आवाजात म्हणाली, “मी निघाले गं आई. दार लावून घे.”

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, “लावलं!” आणि सगळा हॉल हसला. तीही हसली. तिचं हसणं असं होतं की आधी नाकातून सुटायचं, मग तोंडातून.

दुसऱ्या गाण्यानंतर म्हणाली, “आई… ए आई… आई गं, ऐकतेस का?” पोरांना खेळच मिळाला. “ऐकतोय!” दीडशे जणांनी आरोळी दिली. लांब्या मात्र हसला नाही. तो वाकून गिटारची तार जुळवत राहिला.

तिसऱ्यानंतर म्हणाली, “मावशी, चष्मा तुझ्या डोक्यावर आहे.” मी खरंच हात वर नेला. चष्मा डोक्यावर होता. हॉल नुसता हसून कोसळला. हॉलवाला दारातून टाळ्या वाजवायला लागला. मला हसू आलं आणि रागही आला, कारण तेवढ्यात चौथं गाणं सुरू झालं आणि पातळी सांभाळायला मला अर्धा क्षण उशीर झाला.

अशी सात गाणी. मध्ये प्रत्येक वेळी काहीतरी, एखाद्या वेळी दोन. “आज डबा नको, बाहेर खाईन.” “थांब गं, आलेच.” “झोपले नाहीये, नुसती पडलेय.” शेवटच्या गाण्याआधी तिनं मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, “हाक मारली तर ओ देत जा, आई. दोन-दोनदा ओरडायला लावू नकोस.” मग शेवटचं गाणं. त्यात तिचा आवाज मध्येच चिरला, पण तिनं तो तसाच ओढत शेवटापर्यंत नेला. पोरांनी तिला हातांवर उचलून हॉलभर फिरवलं. मी मशीन बंद केलं. साडेनऊ वाजले होते.

रविवारी दुपारी तिला दवाखान्यात भरती केलं आणि मी केंद्रात गेले. इमारत रिकामी होती. मी ठरवलं होतं, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम करायचं. दवाखान्यातून उठली की तिच्या हातात द्यायचं.

आणि मी साफ करायला बसले.

गाण्यांमधली बडबड, पोरांच्या आरोळ्या, हसणं, तार जुळवण्याची टुणटुण, माइकवर पडलेला श्वास. मी एकेक ऐकत होते, खूण करत होते, कापत होते. ‘मी निघाले गं आई’ ऐकताना मनात आलं ते मला अजून आठवतं. काय वेडी पोर, एवढ्या जबरदस्त गाण्यानंतर काय पाचकळपणा. गाण्याचा परिणाम घालवते. कच्च. टोपलीत. दोन गाण्यांच्या मध्ये आमच्या नियमाप्रमाणे दोन सेकंदांची कोरी पांढरी पट्टी लावली. चिरलेल्या सुराला मात्र मी हात लावला नाही, कारण तो गाण्याचा भाग होता. इतकी मी चोख होते. चार तास लागले. मग साफ स्पूलवरून दोन कॅसेटी भरल्या. एक तिला, एक लांब्याला. टोपली नेहमीसारखी दाराबाहेर ठेवली. दोन्ही स्पूल सोमवारी सकाळी मी स्वतः टेप पुसायच्या चुंबकावर फिरवले आणि मोजणीत जमा केले. केंद्रातली वस्तू होती ती.

मंगळवारी ऑपरेशन झालं. ठीक झालं, असं म्हणाले.

आठव्या दिवशी ती उशीला टेकून बसायला लागली. गळ्याला नळी, हातात वही. ताई पायाशी, लांब्या दाराशी चपला काढून उभा. मी कॅसेट प्लेअर पिशवीतून काढला तेव्हा टिटवीनं दोन्ही हात पुढे केले, लहानपणी खाऊसाठी करायची तसे.

“आई, ऐक,” असं तिनं वहीवर लिहिलं, आणि ताईला हाताला धरून उशीजवळ ओढून घेतलं. ताई मुकाट्यानं बसली. जी बाई शनिवारी आली नव्हती, तिनं कान पुढे केला.

पहिलं गाणं वाजलं. ताईचं तोंड आक्रसलं, पण ती हलली नाही. टिटवी आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. गाणं संपत आलं तशी ती नुसती हसायला लागली, आवाज न करता. तिनं आईचा हात घट्ट धरला.

दोन सेकंद शांतता. दुसरं गाणं सुरू झालं.

टिटवीनं भुवया उंचावल्या. हात लांब करून टेप मागे नेली. पुन्हा पहिल्या गाण्याचा शेवट. पुन्हा शांतता. पुन्हा दुसरं गाणं. तिनं टेप पुढे पळवली. दुसऱ्याचा शेवट, तिसऱ्याची सुरुवात. मग वही घेतली.

“मधलं?”

“मधलं सगळं काढलं,” मी म्हटलं. “एकदम साफ केलंय. सांधा शोधून दाखव.”

लांब्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या मुलानं माझ्याकडे आधी कधी नजर वर करून पाहिलं नव्हतं.

टिटवीनं वही पुन्हा मांडीवर घेतली. तिनं काहीतरी लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मग नवं पान उलटलं आणि माझ्यापुढे धरलं.

“छान झालंय मावशी.”

“मधलं म्हणजे काय?” ताईनं विचारलं. “काय होतं मध्ये?”

टेप चालूच होती.

लांब्यानं मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं. “ती म्हणाली होती, गाणी तुझ्यासाठी, मधलं घरच्यांसाठी. मनगटावर लिहूनच आणलं होतं तिनं. मी म्हटलं, घरी बसून टेपवर बोल की शांतपणे. तर म्हणे, आईसमोर असं मशीन लावून बसले तर दोघी रडू, एक शब्द व्हायचा नाही. गर्दीत बोलता येतं.”

“मला सांगायचं नाही का रे तिनं?”

“तुम्हाला काय सांगायचं, मावशी? तुम्ही रेडिओवाल्या. ती म्हणाली, मावशी टेपवर घेतेय ना, मग काळजी नाही.”

मी तशीच केंद्रात गेले. झाडणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, “त्या रविवारची टोपली? ती सोमवारीच गाडीत गेली की बाई. काही महत्त्वाचं होतं का त्यात? तुम्ही तर महत्त्वाचं कधी टाकत नाही.” कचरा टाकायची जागा गावाबाहेर होती. लांब्या त्याच्या टायरच्या दुकानाचा टेम्पो घेऊन आला, आणि आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत काठीनं उकरत बसलो. टेपचे तुकडे सापडलेही. वीस-पंचवीस असतील. ओले, चुरगळलेले. मी ते धुतले, वाळवले, मशीनवर लावले. शेतीच्या पिकांवरची एक मुलाखत होती. खोकला होता. ‘काय आहे की’ होतं.

मग घर धुंडाळलं. एका लग्नाची व्हिडिओ कॅसेट मिळाली. त्यात टिटवी पंगतीत बसून कुणाशी तरी बोलते आहे, हसते आहे, आणि वर सबंध वेळ सनई लावलेली. ताईनं ते सहा-सात वेळा बघितलं. शेवटी म्हणाली, “पुरे.”

मला तिनं कधी बोल लावला नाही. एकदाच, महिन्याभरानं, भाजी निवडता निवडता म्हणाली, “एखादा तरी शब्द राहिला असेल गं. कुठेतरी सांध्यात. नीट ऐक ना.”

मी रात्रंदिवस ऐकलं होतं. शब्द सोडा, श्वाससुद्धा राहिला नव्हता. माझा एकही सांधा कच्चा नव्हता.

“नाही राहिला, ताई.”

“मग तू सांग, काय काय म्हणाली.”

मी सांगितलं. मला सगळं पाठ होतं, क्रमानं. ताई मन लावून ऐकायची, मग म्हणायची, “तशी म्हण ना. तिच्यासारखी.” मी प्रयत्न करायचे. ‘मी निघाले गं आई, दार लावून घे.’ ताई डोळे मिटून घ्यायची, थोडा वेळ थांबायची आणि मान हलवायची. “नाही. ती ‘गं’ लांबवायची.” मी पुन्हा म्हणायचे. शेजारच्या खोलीत टिटवी असायची. तिला ऐकू जात असणार. एकदा तिनं येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला, आणि वहीत लिहिलं, “मी आहे अजून.”

ती आणखी नऊ वर्षं होती. गळ्याला लावायचं यंत्र घेतलं, पण तो आवाज तिला आवडला नाही. म्हणायची, म्हणजे लिहायची, की त्यात मी पिठाच्या गिरणीसारखी बोलते. काचा घासायचं काम तिनं सोडलं नाही. पुढे दुकानात तिच्या हाताखाली दोघी होत्या, आणि तिच्या खुणा त्यांना मालकाच्या बोलण्यापेक्षा चांगल्या कळायच्या. २००६ साली गाठ परत आली आणि या वेळी थांबली नाही.

लॉंड्रीचा हॉल दोन वर्षांतच पाडला. तिथे आता गाड्यांची शोरूम आहे. हॉलवाला मुलाकडे दूरदेशी गेला, पुढचं माहीत नाही. पंकवाल्या चौघांपैकी एक दातांचा डॉक्टर झाला. माझी कवळी त्यानंच बसवली. इमो गाणारा मुलगा शाळेत इतिहास शिकवतो असं ऐकलं.

लांब्यानं गिटार सोडून दिलं. टिटवी होती तोवर दर रविवारी यायचा, ती गेल्यावरही ताई होती तोवर यायचा. पुढे लग्न केलं, दोन मुलं आहेत, स्वतःचं टायरचं दुकान आहे. त्याच्या मोठ्या मुलानं ती कॅसेट इंटरनेटवर टाकली आहे. हजारो लोकांनी ऐकली म्हणे. मला वाचून दाखवत होता, लोक लिहितात की त्या काळच्या रेकॉर्डिंगमध्ये इतका स्वच्छ आवाज दुसरा नाही. मी म्हटलं, “बरं झालं.” बापानं त्याला दुसऱ्या खोलीत पाठवलं.

ताई टिटवीमागे पाच वर्षं जगली. त्या गाण्यांना शिव्या घालणारी बाई शेवटी ती कॅसेट दुपारी जेवणानंतर लावायची, आवाज कमी करून. सातही गाणी तिला पाठ झाली होती. चौथं आवडतं होतं. शेजारचे म्हणायचे, म्हातारी बिथरली. दार मात्र ती शेवटपर्यंत उघडं ठेवायची. मी कामावरून येऊन लावायचे, ती उठून पुन्हा उघडायची.

मी दोन हजार अकरामध्ये निवृत्त झाले. त्याच्या कितीतरी आधी मी कापायचं काम सोडून ग्रंथालयात बदली मागून घेतली होती. आता चौऱ्याहत्तरची आहे. एकटी राहते. नात्यातल्या एखादीनं फोन केला आणि नुसतं “काही नाही, सहज केला” म्हणाली, तरी मी फोनमध्ये ते रेकॉर्ड करून जपून ठेवते. लांब्याचा धाकटा मला विचारतो, “आजी, यात काय ठेवण्यासारखं आहे?” मी म्हणते, “बोल अजून. काहीही बोल.”